सटवाईची लेखणी आणि फ्रॉइडची नेणीव

'पाचवीला पुजणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलेला आहे. 'रामूच्या घरी दारिद्र्य पाचवीला पुजलेले होते' असे लिहिले की एक गुण हमखास पदरात पडे. पाचवी म्हणजे काय हे गुरुजी विचारीत नसत आणि शहरात वाढलेल्या पुष्कळांना ते ठाऊकही नसते. म्हणून आधी तेच सांगते.

मूल जन्माला आले की पाचव्या रात्री, कुठे कुठे सहाव्या, सटवाई घरी येते असे मानतात. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात आणि जवळ कोरा कागद व लेखणी ठेवतात. सटवाई त्या रात्री बाळाच्या कपाळी त्याचे सारे आयुष्य लिहून जाते. तो लेख कोणाला वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या पाचवीला आजीने बॉलपेन ठेवले होते; शाईचा टाक आता कुठून आणायचा? सकाळी कागद कोराच होता आणि त्याचे घरात कोणालाही नवल वाटले नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मानसशास्त्र हा विषय मी घेतला तेव्हा घरी सगळ्यांना वाटले की आता ही येरवड्याला नोकरी करणार. (पुण्यात 'येरवडा' म्हटले की लोकांना तुरुंग आणि मनोरुग्णालय या दोनच गोष्टी आठवतात. तिसरीही एक आहे, तिच्याकडे पुढे येते.) व्यक्तिमत्त्वाच्या उपपत्ती शिकताना फ्रॉइड आला आणि पहिल्याच तासाला मला वाटले की हे कुठेतरी ऐकलेले आहे. माणसाचे व्यक्तिमत्त्व पहिल्या पाच-सहा वर्षांत घडते. तेव्हा जे मनावर उमटते ते त्याचे त्याला वाचता येत नाही. पण पुढचे आयुष्य त्याच बरहुकूम चालते, असे फ्रॉइड म्हणतो. पाच रात्रींऐवजी पाच वर्षे एवढाच काय तो फरक, असे मी वहीच्या समासात लिहून ठेवले होते. फरक तेवढाच नाही. तो कोणता, हे मला कळले ते एका मराठी गोष्टीमुळे. ती गोष्ट पाठ्यपुस्तकात नाही.

पण आधी नेणिवेविषयी थोडेसे.

सिग्मंड फ्रॉइड हा मूळचा मज्जासंस्थेचा डॉक्टर. जन्म १८५६ चा, आयुष्यातला बहुतेक काळ व्हिएन्नात गेला, आणि १९३९ साली लंडनमध्ये तो निर्वासित म्हणून वारला. त्याच्याकडे असे रोगी येत की ज्यांचा हात चालत नसे, डोळ्यांना दिसत नसे, पण शरीरात काही बिघाड सापडत नसे. त्याचा ज्येष्ठ मित्र ब्रॉयर याच्याकडे १८८० ते १८८२ या काळात एक तरुण मुलगी उपचार घेत होती. ग्रंथात तिचे नाव 'अ‍ॅना ओ.' असे दिले आहे. कडक उन्हाळ्यात तिला पाणी पिता येईनासे झाले. पेला ओठांशी नेला की ती तो दूर लोटी. कारण तिलाच ठाऊक नव्हते. संमोहनात बोलता बोलता तिला आठवले की तिच्या शिक्षिकेच्या कुत्र्याला पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिले होते आणि त्या वेळी शिष्टाचार म्हणून ती गप्प बसली होती. हे सारे चिडून बोलून टाकल्यावर तिने पाणी मागितले आणि ती प्यायली. या पद्धतीला 'बोलण्याचा इलाज' हे नाव त्या मुलीनेच दिले. ती एवढ्याने खडखडीत बरी झाली असे मात्र नाही. त्यानंतरही तिला रुग्णालयात राहावे लागले. हा भाग पाठ्यपुस्तके बहुधा गाळतात. तिचे खरे नाव बेर्टा पापेनहाइम; पुढे तिने जर्मनीत निराधार स्त्रियांसाठी मोठे काम उभे केले.

या प्रकरणातून फ्रॉइडने जे उचलले ते असे. आपल्याला न पेलणारी गोष्ट आपण नुसती विसरत नाही, ती खाली दाबतो. आणि दाबलेली गोष्ट स्वस्थ बसत नाही, ती रूप बदलून वर येते. कधी रोगाच्या रूपाने, कधी स्वप्नाच्या, कधी जिभेच्या घसरण्याच्या. 'सभा सुरू झाली असे जाहीर करतो' म्हणण्याऐवजी 'सभा संपली' म्हणणाऱ्या अध्यक्षांचे उदाहरण फ्रॉइडनेच दिले आहे. आपल्या स्नेहसंमेलनात तसे घडले तर सर्वांना आनंदच होईल.

आपल्या भाषेत या मनाला चार-पाच नावे आहेत: अबोध, अचेतन, सुप्त आणि नेणीव. 'सुप्त मन' हे सर्वांत रूढ, पण मला ते बरोबर वाटत नाही. सुप्त म्हणजे झोपलेले. आणि फ्रॉइडचे सगळे म्हणणे असे की हे मन झोपत नाही, आपण झोपलो की उलट त्याचे फावते. 'अबोध' आणि 'अचेतन' हे शब्द परीक्षेत लिहायला ठीक आहेत. 'नेणीव' मात्र आपला जुना शब्द. हरिपाठ म्हणणाऱ्या माझ्या आजोबांना 'जाणीव-नेणीव' ही जोडी तोंडपाठ होती. संतांना तिच्यातून जे म्हणायचे होते ते फ्रॉइडच्या म्हणण्याहून वेगळे आहे हे मान्य. तरी 'जे मी जाणत नाही' हा अर्थ त्यात सरळ येतो. म्हणून या लेखात मी तोच वापरते.

१९२३ साली फ्रॉइडने मनाचे इदम्, अहम् आणि पराहम् असे तीन भाग मांडले. याचे नेहमीचे उदाहरण आमच्या वसतिगृहातलेच घ्या. रात्री बारा वाजता भूक लागली आहे आणि खोलीतल्या मैत्रिणीचा चिवड्याचा डबा समोर आहे. इदम् म्हणते, उघड आणि खा. पराहम् आईच्या आवाजात म्हणते, दुसऱ्याच्या डब्याला हात लावू नये. अहम् म्हणते, कळणार नाही एवढाच खावा, किंवा सकाळी सांगून खावा. उदाहरण छान आहे, पण फसवे आहे. त्यामुळे वाटते की हे तिघे ग्रामपंचायतीच्या सभेसारखे उघडपणे बोलतात आणि आपण बसून ऐकतो. फ्रॉइडचे म्हणणे असे की इदम् तर पूर्णपणे नेणिवेत आहेच, पण अहम् आणि पराहम् यांचाही मोठा भाग नेणिवेतच चालतो. सभा बंद दाराआड होते. आपल्या हाती नुसता ठराव येतो, आणि तो आपणच केला असे आपल्याला वाटते. अहम् आणि इदम् यांना त्याने घोडेस्वार आणि घोडा म्हटले आहे. घोड्याला जायचे असते तिकडेच स्वार पुष्कळदा त्याला नेतो आणि ती आपलीच इच्छा होती असे दाखवतो.

आता ज्या मुद्द्यावर वर्गात हशा पिकतो आणि सर पाठ फिरवून फळ्यावर लिहू लागतात तो मुद्दा. ईडिपस गंड.

ग्रीक नाटककार सोफोक्लीझ याच्या नाटकातला ईडिपस हा थीब्जच्या राजाचा मुलगा. हा बापाला मारील आणि आईशी लग्न करील असे भाकीत होते. म्हणून जन्मताच पायांत टोचून त्याला डोंगरावर टाकून देतात. तो वाचतो, परक्या घरी वाढतो, तेच भाकीत ऐकून त्या घरातूनही पळतो. आणि पळता पळता वाटेत एका अनोळखी म्हाताऱ्याला मारतो, एका विधवा राणीशी लग्न करतो. तो म्हातारा बाप असतो आणि राणी आई असते. कळल्यावर आई गळफास घेते आणि ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो. फ्रॉइडने १८९७ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटले की या नाटकाची पकड अजून सुटत नाही, कारण ही इच्छा प्रत्येक मुलाच्या मनात एके काळी असते. तीन ते पाच वर्षांचा मुलगा आईवर एकट्याचा हक्क सांगतो आणि बाप त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. पुढे बापाच्या धाकाने तो ही इच्छा गाडून टाकतो आणि बापासारखा होऊ पाहतो. पराहम् तयार होतो तो या झगड्यातून. मुलींबद्दल फ्रॉइडने जे लिहिले ते फारच घाईचे आणि पुरुषी आहे. त्याच्याच परंपरेतल्या कारेन हॉर्नायने ते १९२० नंतर खोडून काढायला घेतले. मी तिच्या बाजूची आहे, एवढेच इथे नोंदवते.

हे सारे व्हिएन्नाचे, तिथल्या बंद दाराच्या घरांचे. एकत्र कुटुंबात दहा माणसांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या पोराला कसला आलाय ईडिपस, असे आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे मत आहे. माझेही होते. ग्रंथालयात काही वेगळेच शोधताना मला कळले की ही गोष्ट मराठीत आहे आणि ती जगापुढे ठेवणारी व्यक्ती पुण्यातच होती.

येरवड्याची ती तिसरी गोष्ट म्हणजे डेक्कन कॉलेज. तिथे इरावती कर्वे समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवीत. जन्म १९०५, ब्रह्मदेशात, डॉक्टरेट बर्लिनची, महर्षी कर्व्यांच्या त्या सूनबाई. लंडनहून निघणाऱ्या 'मॅन' या मानवशास्त्राच्या नियतकालिकात १९५० साली त्यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. विषय होता, ईडिपसच्या कथेचे मराठी रूप. ती कथा अशी:

सटवाईला एक मुलगी होती. आई रोज रात्री कुठे जाते असे तिने विचारले. आई म्हणाली, नवजात मुलांचे नशीब लिहायला जाते. मुलगी म्हणाली, मग माझे काय लिहिलेस? आई सांगेना. फारच हट्ट धरल्यावर म्हणाली, तू तुझ्या स्वतःच्या मुलाशी लग्न करशील. मुलगी हादरली. पुरुषाचे तोंडच पाहायचे नाही असे ठरवून ती दूर रानात जाऊन राहिली. एकदा एक राजा शिकारीच्या निमित्ताने तिकडे आला; त्याने तळ्याच्या पाण्याने चूळ भरली आणि ती तळ्यातच टाकली. ते पाणी ही प्यायली आणि तिला दिवस गेले. मुलगा झाला. तिने आपल्या वस्त्राच्या तुकड्यात त्याला गुंडाळले आणि टाकून दिले. तो एका निपुत्रिक माळ्याला सापडला. माळी-माळणीने त्याला वाढवले. पुढे योग असा आला की त्याच मुलाशी तिचे लग्न झाले. एके दिवशी तो वस्त्राचा तुकडा तिच्या हाती लागला आणि तिने सारे ओळखले.

यानंतर काय व्हावे? ग्रीक नाटकात गळफास आहे आणि फुटलेले डोळे आहेत. मराठी कथेतली बाई कोणाला काही सांगत नाही. लिहिलेले घडले असे मनाशी म्हणून ती नवऱ्यासह सुखाने राहते आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचा आशीर्वाद घेते. कथा इथे संपते.

मी हे वाचून बराच वेळ बसून राहिले. कुटुंबसंस्थेवर बोलणे म्हणजे पाप मानणाऱ्या आपल्या समाजात असली कथा निवांतपणे टिपून छापायला कर्व्यांच्याच घरातले धैर्य लागत असावे. इरावतीबाईंचे थोरले दीर रघुनाथराव १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, हे वाचकांना आठवत असेलच.

दिवाळीच्या सुट्टीत ही गोष्ट मी आजीला सांगितली. तिला सटवाई पक्की ठाऊक, पण सटवाईला लेक होती हे तिने ऐकलेले नव्हते. मला वाटले होते ती कानावर हात ठेवील. ती शेंगा फोडीत होती, हात न थांबवता म्हणाली, "मग काय करंल बाई? लिवल्यालं चुकतंय व्हय?"

मी विचारले, "पण आजी, कळल्यावर तिनं कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगून कुणाचं भलं व्हनार हुतं?"

आजीच्या या दोन उत्तरांत मला उपपत्तीचा मोठा भाग सापडला, असे मी म्हटले तर सर हसतील. पण पाहा. पहिल्या उत्तरात तिने त्या बाईला दोषातून पूर्ण सोडवले. इच्छा बाईची नव्हतीच. लिहिणारी वेगळीच होती. फ्रॉइड म्हणेल की याचसाठी तर सटवाई लागते. जी इच्छा 'माझी' म्हणून उच्चारता येत नाही ती देवीच्या लेखणीत घातली की कथा सांगता येते, ऐकता येते, शेंगा फोडता फोडता तिच्यावर बोलताही येते. ग्रीकांची भाकीत सांगणारी देवता आणि आपली सटवाई दोघी हेच काम करतात. आणखी एक बारकावा म्हणजे लिहिणारी ही त्या मुलीची आईच आहे. लहानपणी कपाळावर कोण लिहिते या प्रश्नाचे फ्रॉइडने दिले असते तेच उत्तर कथेने देऊन टाकले आहे.

मात्र फ्रॉइडची कथा मुलाच्या बाजूने आहे आणि आपली आईच्या. आपल्या कथेत बापाचा खून नाही. बाप म्हणजे नुसती एक चूळ. हा फरक लहान नाही, आणि तो एकट्या मराठीचाही नाही. ए. के. रामानुजन यांना उत्तर कर्नाटकात एका अर्धवट दृष्टी असलेल्या बाईकडून याच कथेचे कन्नड रूप मिळाले. तिथे मात्र शेवटी ती आई गळफास घेते. रामानुजन यांनी 'भारतीय ईडिपस' या लेखात दाखवले की आपल्या पुराणांत मुलगा बापाला मारतो अशा कथा शोधूनही फारशा सापडत नाहीत. सापडतात त्या उलट्या. ययाती मुलाचे तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. शंतनूला लग्न करता यावे म्हणून देवव्रत स्वतःचा संसार सोडतो. आणि ज्याच्यासाठी पुणे दरवर्षी दहा दिवस जागे असते त्या गणपतीचे काय? आईने अंगाच्या मळापासून घडवलेला मुलगा आईच्या दाराशी पहारा देतो आणि बाप त्याचे मस्तक उडवतो. त्रिकोण तोच, तलवार दुसऱ्या हातात.

कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी ही शंका थेट फ्रॉइडलाच कळवली होती. बोस यांनी दमनावरील आपला प्रबंध १९२१ साली त्याला पाठवला, १९२२ साली आपल्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, आणि १९२९ साली पत्र लिहून सांगितले की माझ्याकडच्या हिंदू पुरुष रुग्णांत बापाच्या धाकाची भीती तुम्ही म्हणता तशी ठळक दिसत नाही; आईसारखे होण्याची, स्त्री होण्याची इच्छा मात्र अधिक उघड दिसते. फ्रॉइडने सभ्यपणे उत्तर दिले आणि उपपत्ती होती तिथेच ठेवली. १९३१ साली त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती गेली. ती त्याने आपल्या टेबलावर ठेवली. दोघांची भेट कधीच झाली नाही. मूर्ती स्वीकारली पण म्हणणे स्वीकारले नाही, याचा मला थोडा रागच आला. आपल्या मुंबईतही १९३८ नंतर एमिलिओ सर्वादिओ हा इटालियन मनोविश्लेषक येऊन राहिला होता, मायदेशातल्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे. तिथल्या मनोविश्लेषणाच्या शिक्षणाला त्याची मदत झाली.

बोस यांचे निरीक्षण पुढे सुधीर कक्कर यांनी १९७८ सालच्या 'द इनर वर्ल्ड' या ग्रंथात कुटुंबाच्या अंगाने उलगडले. सून म्हणून घरात आलेल्या मुलीला पहिला मान मिळतो तो मुलगा झाल्यावर. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची चोरी, सासरी कोणी आपले नाही, अशा वेळी तिचे सारे जीवन त्या मुलात गुंतते. मुलाने आईला धरून ठेवण्याआधी आईनेच मुलाला धरलेले असते. हे वाचताना माझ्या ओळखीच्या निदान सहा घरांची दारे उघडली. नावे लिहीत नाही, अंक गावी पोचतो. सटवाईची गोष्ट आपल्याकडे आईच्या बाजूने का सांगितली जाते हे मला इथे उमगले असे वाटते. असल्या कथा माजघरात सांगितल्या जातात, बायकांकडून बायकांना. भीती तिथे मुलाची नसते, स्वतःची असते.

बापाचा धाक सर्वत्र सारखा नाही हे पूर्वीही कोणी दाखवले होते. मॅलिनॉव्स्कीने १९२७ साली ट्रोब्रियंड बेटांवरचा पुरावा दिला. तिथे अधिकार मामाकडे असतो, म्हणून मुलाचा राग मामावर असतो आणि बाप लाडाचा असतो. आपल्याकडे नेमके उलटे. मामाच्या गावाला जायच्या गाण्यावर आपण सारे वाढलो.

आता जो फरक मी सुरुवातीला कबूल केला होता त्याकडे येते. १९२० साली फ्रॉइडने काही माणसांचे वर्णन केले आहे. एकाचा प्रत्येक मित्र शेवटी त्याला दगा देतो. दुसरा ज्याला ज्याला मदत करतो तो तो त्याच्यावर उलटतो. तिसऱ्याचे प्रत्येक प्रेम त्याच वळणाने जाते आणि त्याच जागी संपते. ही माणसे म्हणतात, आमचे नशीबच असे. पाहणाऱ्यालाही वाटते की कोणीतरी हात धुऊन पाठीस लागले आहे. फ्रॉइड म्हणतो की हे नशीब बहुतांशी त्यांनी स्वतःच रचलेले असते, अगदी बालपणी पडलेल्या छापावरून, आणि ते ते पुन्हा पुन्हा करीत राहतात. म्हणजे सटवाई येऊन गेली हे त्याला मान्य आहे, पण लेखणी तो तिच्या हातून काढून घेतो. आणि मुख्य म्हणजे तो म्हणतो की हा लेख वाचता येतो. वेळ लागतो, लाज बाजूला ठेवून बोलावे लागते, ऐकणारा शहाणा लागतो. पण वाचता येतो, आणि वाचला की थोडाफार बदलता येतो. ज्या घरात प्रत्येक गोष्टीला 'कपाळात होतं' एवढेच उत्तर मिळते त्या घरातून आलेल्या मुलीला हे वाक्य केवढे मोठे वाटते, हे ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्यांना सांगणे अवघड आहे.

पण इथेच मला थांबावेसे वाटते. आजी 'लिवल्यालं' म्हणते तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. माझी एक आत्या तिन्ही वेळा तोंडघशी पडली ती एकाच तऱ्हेच्या माणसांवर विश्वास टाकून; तिथे फ्रॉइड उपयोगी आहे. १९७२ च्या दुष्काळात आजी, नुकतीच सासरी आलेली, दिवसभर खडी फोडीत होती. तेही ती 'लिवल्यालं'च म्हणते. तो दुष्काळ तिच्या नेणिवेतून आला नव्हता. दारिद्र्य पाचवीला पुजले जात नाही, ते आदल्या पिढीकडून सातबाऱ्यावर येते, किंवा सातबाराच नसल्याने येते. 'तुझे नशीब तूच घडवलेस' हे वाक्य एका घरात मुक्त करणारे असते आणि शेजारच्या घरात क्रूर. फ्रॉइडच्या खोलीत येणारे बहुतेक रोगी फी देऊ शकणारे होते. खडी फोडणारी बाई त्या कोचावर आडवी होण्याचा प्रसंगच नव्हता. दोन प्रकारचे लिखाण वेगळे करणे हे मला मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकणाऱ्यांचे काम वाटते, आणि आपल्या वेळापत्रकात हे दोन तास नेमके एकाच वेळी असतात.

यावरून अ‍ॅडलर आठवतो. फ्रॉइडपासून तो १९११ साली वेगळा झाला. मराठीने मनोविश्लेषणातला एकच शब्द पूर्णपणे आपलासा केला आहे, 'न्यूनगंड', आणि तो अ‍ॅडलरच्या विचारातला. खेड्यातून आलेला मुलगा वर्गात बोलला नाही की त्याला न्यूनगंड आहे असे म्हणून मोकळे होतात. अ‍ॅडलरचे म्हणणे असे की उणेपणाची भावना प्रत्येक मुलात असते, कारण ते लहान असते आणि भोवतीचे सारे मोठे असतात. तिच्यावर मात करण्याच्या धडपडीतूनच माणूस वाढतो. गंड होतो तो ती धडपड खुंटली म्हणजे. अ‍ॅडलर स्वतः लहानपणी मुडदूसाने आजारी होता, आणि त्याने आपला दवाखाना व्हिएन्नाच्या जत्रेच्या मैदानाजवळ, सामान्य लोकांच्या वस्तीत थाटला होता. धडपड कोणत्या भिंतीमुळे खुंटली हे विचारायला तो सांगतो. आपण भिंत सोडतो आणि मुलाला नाव ठेवतो.

हे शास्त्र आहे का, ही शंका राहतेच. कार्ल पॉपर तरुणपणी अ‍ॅडलरच्या हाताखाली काम करीत असे. त्याने एक कोडे घातले आहे. एक माणूस मुलाला बुडवण्यासाठी पाण्यात ढकलतो; दुसरा बुडत्या मुलाला वाचवताना स्वतः मरतो. फ्रॉइड दोघांचेही स्पष्टीकरण देतो आणि अ‍ॅडलरही देतो. जी उपपत्ती कशानेच खोटी ठरू शकत नाही ती विज्ञान कशी, असा पॉपरचा सवाल आहे आणि मला त्याला उत्तर देता येत नाही. सटवाईचे तरी वेगळे काय? जे घडले ते तिने लिहिलेलेच होते. तरीही मी फ्रॉइडकडे झुकते. सिद्धान्त म्हणून तो कच्चा असेल. पण समोरच्याचे बोलणे सारे ऐकून घ्यावे, त्यातले वेडेवाकडेही टाकून देऊ नये, ही त्याने लावलेली सवय मला पक्की वाटते. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी (१९४२) मराठीच्या तासाला संज्ञाप्रवाहाचे उदाहरण म्हणून शिकवतात. मनात येईल ते येऊ द्यावे हे धारिष्ट लेखकांना ज्या वाऱ्याने दिले तो याच दिशेने आला होता.

आजीचे दुसरे उत्तर अजून माझ्याजवळ तसेच आहे. 'सांगून कुणाचं भलं व्हनार हुतं?' फ्रॉइडचा सारा इलाज बोलण्यावर उभा आहे आणि सटवाईची लेक बोलत नाही. तिने दाबून टाकले असेही म्हणता येत नाही, कारण तिला सारे लख्ख ठाऊक आहे. तुकडा हातात आहे, समोर नवरा आहे, म्हातारी सासू आशीर्वाद देते आहे. तिला शहाणी म्हणावे की मुकी, हे मी माझ्या दोन मैत्रिणींना विचारले, तेव्हा दोघींची दोन उत्तरे आली आणि मेसची घंटा होईपर्यंत भांडण मिटले नाही. इरावतीबाई त्या टिपणानंतर सतरा वर्षांनी, १९६७ साली, 'युगान्त' घेऊन आल्या. त्यात गांधारी आहे, कुंती आहे, द्रौपदी आहे. ज्यांना जन्मभर काहीतरी ठाऊक होते आणि ज्या बोलल्या नाहीत, किंवा फार उशिरा बोलल्या, अशा बायका. कुंतीने कर्णाला पाण्यात सोडले तेही असेच, काही गुंडाळून. 'युगान्त' आपल्या ग्रंथालयात आहे आणि बहुधा जागेवर असते. सटवाईची गोष्ट डोक्यात ठेवून त्यातले कुंतीवरचे प्रकरण वाचावे, आणि मग गांधारीवरचे.